आयर्लंडकाकांचं पडवळ

होळी गावात येऊन हरिश्चंद्र राऊत कुठे राहतात असं विचारलंत, तर समोरचा माणूस डोकं खाजवेल. त्यापेक्षा आयर्लंडकाकांचं घर विचारा. कोपऱ्यावरची भाजीवाली हातातली जुडी तशीच टाकून तुम्हाला वाडीच्या फाटकापर्यंत सोडायला येईल. गेल्या श्रावणाआधी आला असतात, तर वाटेत तिने हळूच विचारलंही असतं, "पुस्तक बघायला आलात का? नाही दाखवायचे हो ते. लग्न होऊन मी या गावात आले, तेव्हापासून वाट बघतेय."

आता, काका आयर्लंडला जाऊन आलेत असं मात्र समजू नका. त्यांचा लांबात लांब प्रवास पुण्यापर्यंतचा, तोही मेहुणीच्या लग्नाला, आणि तिथलं पाणी बाधलं म्हणून दुसऱ्याच दिवशी परत. वडिलोपार्जित वाडी, तीत केळी, थोडी फुलं, पावसाळ्यात पडवळ. फावल्या वेळात दुकानांच्या पाट्या रंगवायच्या. पण तरुणपणी त्यांनी काढलेलं एक चित्र आयर्लंडमधल्या एका छोट्याशा प्रकाशनाने कवितांच्या पुस्तकावर छापलं होतं. निदान ते तसं सांगतात. "माझं चित्र आयर्लंडला छापलंय" हे वाक्य त्यांनी बारशांत ऐकवलंय, साखरपुड्यांत ऐकवलंय, आणि कुणाच्या मयताला गेल्यावर बाहेरच्या बाकड्यावर बसूनसुद्धा ऐकवलंय.

"मग पुस्तक दाखवा की काका!"

इथे गाडी अडायची. आधी म्हणाले, वाळवीने खाल्लं. पुढे केव्हातरी म्हणाले, पुराचं पाणी घरात शिरलं तेव्हा गेलं. त्यानंतर म्हणाले, एक पाहुणे वाचायला म्हणून घेऊन गेले, त्यांनी परत केलं नाही. शेजारचा गॅब्रिएल तुस्कानो, काकांचा पाटी-पेन्सिलीपासूनचा दोस्त, बँकेतून निवृत्त झालेला, हिशेबाला पक्का. त्याने एकदा चारचौघांत विचारलंच, "हरी, म्हणजे वाळवीने खाल्लेलं पुस्तक पुरात वाहत वाहत पाहुण्याच्या घरी पोचलं, असं धरायचं का?" त्या दिवसापासून हरिश्चंद्राचा आयर्लंडकाका झाला. लग्नाच्या पंगतीत पोरं मुद्दाम शेजारी बसून विचारतात, "काका, आयर्लंडात जेवायला काय असतं हो?" आणि काका भाताचं आळं करता करता अगदी गंभीरपणे सांगतात, "बटाटे."

खरं म्हणजे पुस्तक घरातच होतं. बियाण्याच्या पत्र्याच्या डब्यात, राखेत घोळवलेल्या पडवळाच्या बियांच्या खाली, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवलेलं. वाळवीची काय टाप होती त्याला हात लावायची! मग हा शहाणा माणूस ते दाखवत का नव्हता, याचं कारण पुढे येतंय.

गेल्या श्रावणात एका सकाळी काका कडक इस्त्रीचा शर्ट घालून मांडवाखाली पडवळ बघत होते. इस्त्रीच्या शर्टात वाडीत जाणारा तालुक्यात हा एकटाच माणूस असेल. तेवढ्यात गॅब्रिएल फाटकातून धावत आला. एका पायात स्वतःची चप्पल, दुसऱ्या पायात सुझानची, म्हणजे बायकोची. हातात मोबाइल.

"हरी! अरे हरी! तू खरं बोलत होतास रे!"

वसईच्या जुन्या गोष्टी सांगणारा एक ग्रुप गॅब्रिएलच्या फोनवर आहे. त्यावर आयर्लंडमधल्या एका कॉलेजच्या ग्रंथालयातल्या बाईंनी लिहिलं होतं, की आमच्याकडचं एक छोटं प्रकाशन बंद झालं, त्याचे मालक वारले, आणि त्यांची सगळी कागदपत्रं, हस्तलिखितं आणि मुखपृष्ठांची मूळ चित्रं खोक्यांतून आमच्याकडे आलीत. त्यातल्या एका चित्राच्या चित्रकाराचा पत्ता लागत नाही. परवानगीशिवाय चित्र इथे टाकता येत नाही, म्हणून मागच्या बाजूचा फोटो देते. फोटोत पिवळट कागद आणि त्यावर पेन्सिलीने इंग्रजीत तीन शब्द: हरी, होळी, बसीन. बसीन म्हणजे इंग्रजांच्या तोंडची वसई.

"एवढी वर्षं आम्ही तुझी टिंगल केली," गॅब्रिएलचा आवाज भरून आला होता, "आणि तू ऐकून घेतलीस. माफ कर बाबा."

एवढ्या वर्षांनी खरेपणाचा पुरावा दारात आला, तर माणसाने उडी मारायला हवी की नको? काकांचा चेहरा पडला. "बरं," ते म्हणाले आणि पडवळाला बांधलेला दगड उगाच चाचपत राहिले. ओटीवर तांदूळ निवडत बसलेल्या प्रेमलताकाकूंनी ते बघितलं आणि पुढचा खडा उचलून फेकला.

पत्रव्यवहार सुनेकडे आला. इशिता गोखिवऱ्याची, फ्लॅटमध्ये वाढलेली, घरून लॅपटॉपवर नोकरी करणारी. तिने त्या बाईंना मेल पाठवला. तिकडून उत्तर आलं. खाली नाव होतं, ते काकांनी एकेक अक्षर लावून वाचलं: "नियाम्ह."

"नीव," इशिता म्हणाली. "मी ऐकलं नेटवर. नीव म्हणतात."

"अगं, इथे शेवटी एम एच आहे."

"त्यांच्यात त्याचा व होतो, बाबा."

"म चा व?" काकांनी म आणि व बोटाने हवेत गिरवून बघितले. "काही भरवसा नाही या लोकांचा. कुठलंही अक्षर कसंही धरतात." हे वाक्य त्यांच्या तोंडून जरा जास्तच कळवळून आलं, असं इशिताला वाटलं. पण तिने मनावर घेतलं नाही.

नीवबाई मोकळ्या स्वभावाच्या निघाल्या. त्यांनी लिहिलं, की चित्र रंगांच्या सणासाठी काढलंय असं आम्ही इतके दिवस धरून चाललो होतो, कारण मागे होळी लिहिलंय. मात्र चित्र नुसत्या काळ्या शाईत का, हे कोडं होतं. होळी हे गाव आहे हे कळल्यावर फार हसू आलं. सोबत चित्राचा फोटो जोडला होता. इशिताने तो उघडला आणि लॅपटॉप सासऱ्यांच्या पुढे सरकवला.

"बाबा, काय सुंदर गवत काढलंय तुम्ही!"

काकांनी डोळे मिटून घेतले.

झालं होतं ते असं. काका विशीत होते तेव्हा वसईतल्या मिशनच्या शाळेत एक आयरिश ब्रदर शिकवायला होते, ब्रदर मॅलकी. गावाने त्यांचं मालकी ब्रदर करून टाकलं होतं. ते सायकलवरून वाड्या-वाड्यांतून हिंडायचे आणि वसईवर इंग्रजीत कविता करायचे. त्यांच्या एका मित्राचं तिकडे दोन खोल्यांचं प्रकाशन होतं. मित्र कविता छापायला तयार झाला, तेव्हा ब्रदर हरीला म्हणाले, मुखपृष्ठ तू काढ, इथलंच काहीतरी काढ.

हरीने आईचा पडवळाचा मांडव काढला. पडवळ मोकळं वाढू दिलं तर वेटोळं होतं, म्हणून ते बोटभर असतानाच त्याच्या टोकाला दगड बांधून खाली सोडतात. हे काम जानकीबायचं, म्हणजे आईचं. केळीच्या सोपाचा, म्हणजे खोडाच्या सालीचा, दोरा काढून ती असा दगड बांधायची की होळीत तिच्याइतकं सरळ पडवळ कुणाचं नसे. हरीने वर मांडवाचा आडवा बांबू काढला, त्याला लोंबणारी लांबच लांब पडवळं काढली, प्रत्येकाच्या टोकाला दगड, दगडाला आईची दुहेरी गाठ. इथवर सगळं ठीक होतं. पण पाट्या रंगवणारा माणूस, अंगात अक्षरांची खोड. त्याने काय करावं? तोच बांबू शिरोरेषा म्हणून वापरला आणि डाव्या कोपऱ्यात पडवळांच्या रांगेत स्वतःचं नावही लोंबत सोडलं: हरी राऊत. स्वतःच्या हुशारीवर दोन दिवस तो इतका खूश होता की जेवतानाही मध्येच हसायचा.

चित्र बोटीने आयर्लंडला गेलं. पुस्तक निघेपर्यंत ब्रदरांची आफ्रिकेत बदली झाली आणि ते तिकडेच वारले. पुस्तक परस्पर हरीच्या पत्त्यावर आलं. त्याने पाकीट फोडलं, बघितलं, आणि मटकन ओट्यावर बसला.

चित्र उलटं छापलं होतं. खालचं वर, वरचं खाली. त्या मित्राच्या मुलखात अक्षरं रेघेवर उभी राहतात. आपली रेघेला लोंबतात, हे त्याला कुठून माहीत असणार? त्याने नाव बघितलं, रेघ बघितली, आणि नाव रेघेवर उभं राहावं म्हणून कागद फिरवला. फिरवल्यावर नाव उजव्या कोपऱ्यात खाली आलं, चित्रकाराची सही असते अगदी तिथेच. मांडवाचा बांबू झाला जमीन. पडवळं झाली जमिनीतून वर उगवलेले दांडे, आणि दगड झाले त्यांच्या डोक्यावरची बोंडं. थेट खाडीकाठच्या पाणथळीत उगवणारी पाणकणसं! तशी ती आयर्लंडातही ढिगाने उगवतात म्हणे, त्यामुळे कुणाला संशय यायचं कारणच नव्हतं.

आता सांगा, हे पुस्तक घेऊन पोरगा कुठल्या तोंडाने गावात जाणार? दुसरं गाव असतं तर चाललं असतं. ही होळी. इथलं शेंबडं पोरही पडवळ कुठून लोंबतं ते जाणतं. "हरीचं पडवळ आभाळात वाढतं" म्हणून गाव जन्मभर हसलं असतं. आणि ज्यांनी कौतुकाने छापलं, त्यांना तरी मोडक्या इंग्रजीत काय कळवायचं, तुमचं चुकलं म्हणून? म्हणून त्याने पुस्तक डब्यात घातलं. एकट्या आईला तेवढं दाखवलं होतं. आणि फुशारकी तर आधीच मारून झाली होती, ती मागे घेता येईना. त्यामुळे गाव हसायचं ते हसलंच, फक्त वेगळ्या कारणाने.

इशिता पुढचा मेल वाचत होती. "बाबा, ऐका ना. ही पाणकणसं त्या मालकांना इतकी आवडली की त्यांनी तीच प्रकाशनाची खूण केली. पुढच्या प्रत्येक पुस्तकाच्या पाठीवर तुमची पाणकणसं आहेत! आता त्या सगळ्या कागदांचं आणि चित्रांचं प्रदर्शन भरतंय. उद्घाटनाला तुम्ही व्हिडिओ कॉलवर चित्राबद्दल दोन शब्द बोलावेत, म्हणतायत."

"प्रत्येक पुस्तकाच्या पाठीवर?" काकांनी क्षीण आवाजात विचारलं.

"प्रत्येक."

एकदा उलटं झालं तर माणूस गिळतो. पण इथे तर जन्मभर आयर्लंडच्या कवितांच्या पाठीवर होळीचं पडवळ पाय वर करून उभं होतं! 

इतकं होऊनही गोष्ट घरातल्या घरात राहिली असती. पण गॅब्रिएलला पश्चात्तापाने घेरलं होतं. त्याने परस्पर मंडळाचा हॉल ठरवला, पडदा आणला, फळ्यावर लिहिलं, "आपले हरिश्चंद्र राऊत थेट आयर्लंडशी बोलणार", आणि घरोघरी आमंत्रणं केली. काका म्हणाले, ताप येतोय. काकूंनी कपाळाला हात लावून सांगितलं, नाही येत. काका म्हणाले, माझं इंग्रजी कच्चं. इशिता म्हणाली, मी आहे की. काका म्हणाले, पडवळाला पाणी कोण घालणार? बाहेर धो धो पाऊस पडत होता.

शेवटी काकांनी मनाशी ठरवलं. साधं तर आहे. पाणकणसं म्हणायची. आमच्या खाडीकाठी पाणकणसं वाऱ्यावर डुलतात, मला आवडली, मी काढली. तिकडचे खूश, इकडचे टाळ्या वाजवतील, चहा होईल, विषय संपेल. कुणाचं काय बिघडतं?

कार्यक्रमाच्या आदल्या दुपारी काकू बियाण्याचा डबा घेऊन आल्या आणि त्यांच्या पुढ्यात ठेवला. "यातलं पुस्तक उद्या घेऊन चला. लोक बघतील."

काकांनी डब्याकडे बघितलं, मग काकूंकडे. "तुला माहीत होतं?"

"दर वर्षी यातलं बी कोण काढतं, तुम्ही?" काकू शांतपणे म्हणाल्या. "नवी नवरी होते तेव्हाच बघितलं. मला वाटलं, तुम्ही एवढे चित्रकार आणि तिकडच्यांनी गवत काढायला लावलं, म्हणून तुम्हाला कमीपणा वाटत असेल. म्हणून कधी विषय काढला नाही."

"गवत नाही गं ते!" काका ओरडलेच. आणि मग सगळं बाहेर पडलं. ब्रदर, बांबू, नावाची हुशारी, रेघ, सगळं.

काकूंनी पुस्तक उलटं धरलं. क्षणभर बघितलं. आणि पदर तोंडात धरून अशा हसत सुटल्या, की स्वयंपाकघरातून इशिता धावत आली. काका रुसून खिडकीकडे तोंड करून बसले. हसून हसून डोळे पुसल्यावर काकू म्हणाल्या, "मग उद्या सांगून टाका की."

"या गावासमोर? खुळी आहेस का? मी पाणकणसंच म्हणणार."

काकूंचं हसू थांबलं. "म्हणा. तुमचं चित्र, तुमची मर्जी. पण तिकडे एकदा लिहून ठेवलं की ते तसंच राहणार. तुम्ही गेल्यावरही राहणार. सासूबाईंच्या मांडवाचं कायमचं गवत होईल, एवढं ध्यानात ठेवा." आणि डबा तिथेच ठेवून त्या आत गेल्या. पुस्तक मात्र त्यांनी आपल्या पिशवीत टाकलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हॉल भरला. तिकडे आयर्लंडात दुपार होती. पुढच्या रांगेत गॅब्रिएल टाय लावून बसला होता. काकांचा मुलगा उमंग वायरींशी झटापट करत होता. पडद्यावर एकदाच्या नीवबाई आल्या. चष्मा लावलेल्या, हसऱ्या, मागे फडताळं आणि दहा-बारा माणसं. त्या बोलत, इशिता मराठीत सांगत होती. प्रकाशन कसं दोन खोल्यांत चाललं, मालक स्वतः पुस्तकं सायकलवरून पोचवायचे, खोकी उघडली तेव्हा तळाशी हे चित्र कसं जपून ठेवलेलं सापडलं. मग त्यांनी टेबलावरून मूळ कागद दोन्ही हातांनी अलगद उचलला आणि कॅमेऱ्यापुढे धरला.

"आता चित्रकारांनीच आम्हाला या पाणकणसांबद्दल सांगावं," इशिताने भाषांतर केलं.

काका उभे राहिले. पडदा भिंतभर मोठा. छापलेलं पुस्तक त्यांनी पुष्कळदा चोरून बघितलं होतं, पण स्वतःच्या हातचा कागद चित्र पाठवल्यापासून आज पहिल्यांदाच दिसत होता. शाई अजून काळीभोर होती. बांबूला त्यांनी मारलेले बारीक फटकारे दिसत होते. आणि प्रत्येक दगडावर ती गाठ दिसत होती. आधी एक वेढा, मग दुसरा, मग दोऱ्याचं टोक आत खोचलेलं. आई ती गाठ मारताना ओठ मुडपून घ्यायची. तिचं ते मुडपलेलं तोंड काकांना लख्ख आठवलं, आणि घोकून आणलेली पाणकणसं काही केल्या म्हणवेनात.

"हरी, बोल ना," गॅब्रिएल कुजबुजला.

"ते गवत नाही," काका म्हणाले. आवाज चिरकला, म्हणून त्यांनी घसा खाकरला आणि पुन्हा सांगितलं, "पाणकणसं नाहीत ती. पडवळ आहे. माझ्या आईचा मांडव आहे. तुम्ही उलटं धरलंय."

इशिता भाषांतर करायचं विसरून सासऱ्यांकडे बघत राहिली.  मग काय झालं, तर अख्ख्या होळी गावाने एकदम मान वाकडी केली. म्हाताऱ्यांनी केली, बायकांनी केली, गॅब्रिएलने तर इतकी केली की तो खुर्चीतून पडता पडता वाचला. आणि तोच पहिला ओरडला, "आयला! पडवळच की रे हे!"

जो हशा उसळला तो विचारू नका. भाजीवाली मांडीवर थापा मारत होती. कुणी ओरडलं, "काका, म्हणूनच वाळवीने खाल्लं काय!" कुणी म्हणालं, "अहो, पुरात उलटं झालं असेल!" जन्मभर ज्या हशाला काका घाबरले, तो सगळाच्या सगळा एकदम अंगावर आला. आणि आश्चर्य बघा, तो लागला नाही. उलट एवढी वर्षं पोटात धरलेलं काहीतरी सुटलं आणि काका स्वतःच हसू लागले. हसता हसता डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि ते नुसतं हसण्याचं नव्हतं.

पडद्यावर नीवबाई गोंधळून गेल्या होत्या. इशिताने भानावर येऊन सांगितलं: आमची अक्षरं रेघेवर उभी नसतात, रेघेखाली लोंबतात. बाईंनी कागदावरच्या नावाकडे बघितलं. तोंडावर हात ठेवला. मागची माणसं पुढे सरकली. मग बाईंनी अगदी सावकाश, झोपलेल्या तान्ह्या मुलाची कूस बदलावी तसा तो कागद फिरवला.

मांडव वर गेला. पडवळं खाली आली. डाव्या कोपऱ्यात हरी राऊत आपल्या जागी लोंबू लागला.  मागून एका म्हातारीचा आवाज तेवढा आला, "जानकीबायचाच मांडव तो. तिचीच गाठ."

नीवबाईंनी कागद तसाच सरळ टेबलावर ठेवला. त्या म्हणाल्या, पुस्तकांच्या पाठीवरची खूण आता बदलता येणार नाही, ती कपाटाकपाटांत जाऊन बसलीय. पण चित्र आम्ही सरळ लावू आणि खाली खरं लिहू. मग त्यांनी विचारलं, "तुमच्या आईंनी पुस्तक बघितलं होतं का? चित्र उलटं बघून त्या काय म्हणाल्या?"

इशिताने प्रश्न मराठीत सांगितला. ही गोष्ट त्यांनी काकूंनाही सांगितली नव्हती.

"आईने उलटं बघितलंच नाही," ते म्हणाले. "तिला अक्षरओळख नव्हती. मी पुस्तक तिच्या हातात दिलं, तर तिने ते आपसूक फिरवलं आणि मांडव वर करून धरलं. इंग्रजी अक्षरं उलटी झाली, पण तिला त्यांच्याशी काय करायचं होतं? तिने कितीतरी वेळ बघितलं. मला वाटलं, आता काहीतरी म्हणेल. तर म्हणाली, बेस काडलंय रे पोरा. पन दगड जरा मोटे काडलेस."

 काकूंनी पिशवीतून पुस्तक काढलं, आणि भाजीवालीच्या हातात ते उलटं, म्हणजे सरळ, ठेवलं. तिच्याकडून ते शेजारणीकडे गेलं, तिथून मागे गेलं. गॅब्रिएलने ते दोनदा बघायला मागितलं.

महिनाभराने नीवबाईंनी प्रदर्शनाचा फोटो पाठवला. भिंतीवर चित्र सरळ लावलेलं. त्याच्याखाली काचेच्या पेटीत पुस्तक, मुद्दाम उलटं ठेवलेलं, आईने धरलं होतं तसं. समोर दोन आयरिश म्हातारे पुस्तकाचं नाव वाचायला माना वाकड्या करून उभे. बाजूच्या पाटीवर इंग्रजीत मजकूर होता. इशिताने फोटो मोठा केला आणि वाचून दाखवला:

"पडवळाचा मांडव, होळी. चित्र: हरी राऊत. दगड बांधणारी: जानकीबाय राऊत. त्यांच्या मते चित्रातले दगड जरा मोठे आहेत."

काकांनी पुन्हा वाचायला लावलं. मग चष्मा काढून तो उगाच पुसत बसले. पुसता पुसता म्हणाले, "होते. जरा मोठेच झाले होते."